सरकारी कर्ज घेते म्हणते

माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, कारंज्याला एका शाळेत मास्तर होते, आणि सरकार व्याज कधी वाढवणार हे त्यांना आधीच कळतं असं सगळी आळी मानत होती. खरंच कळत असे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की माणूस अडाणी होता किंवा लबाड होता. तो दोन्ही नव्हता. अडाणी असता तर मी समजावून सांगितलं असतं, लबाड असता तर चारचौघांत उघडा पाडला असता. हुशार, सज्जन आणि घरात वडीलधारा, अशा माणसाचं काय करायचं असतं ते मला आजही माहीत नाही.

माझा नवरा विजेच्या खांबांवर काम करायचा. लेक जेमतेम बोलायला लागली होती तेव्हा तो गेला. पावसाळ्यातलं काम, ओला खांब. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. ज्यांनी त्याला धड पाहिलंही नव्हतं ते लोक त्या दिवसांत त्याच्याबद्दल इतकं बोलले की माझ्या वाट्याचं बोलणं संपून गेलं. त्याच्या नोकरीचे पैसे मिळायला पुढे वर्षभर लागलं. ते घ्यायला मी भासऱ्यांबरोबर अकोल्याला गेले. कारंज्याहून एसटीनं निघालो, सारा वेळ ते पुढच्या बाकावर आणि मी मागच्या.

ऑफिसातले बडे बाबू वयस्कर होते. त्यांनी कागदावर माझी सही घेतली, आणि भासऱ्यांकडे न बघता सरळ माझ्याशी बोलले. मी सातवीपर्यंत शिकले होते, सही वळणदार होती, त्याचा परिणाम झाला असावा. ते म्हणाले, "बाई, ही रक्कम घरात ठेवू नका आणि नुसती बँकेतही ठेवू नका. सरकार दरसाल पावसाळा सरता सरता लोकांकडून कर्ज काढतं. आपण पैसे द्यायचे, सरकार आपल्याला रोखे देतं. व्याज देत राहतं आणि मुदत संपली की मुद्दल परत. बारा वर्षांचे घ्या. मधे कोणी मागायला आलं तर सांगता येतं, सरकारकडे आहेत म्हणून."

बारा वर्षं म्हटल्यावर भासरे हसले. "बारा वर्षं कोणं पाह्यली, बाबूसाहेब?"

मी पाहिली होती. तिथेच, त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसल्या बसल्या. लेक तीन वर्षांची. बारा मिळवले की पंधरा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पोरगी मॅट्रिक होते, आणि मॅट्रिक झालेल्या पोरींना तेव्हा नर्सच्या शिक्षणाला घेत, मास्तरणीच्या शिक्षणाला घेत. मला सातवीनंतर शाळेतून काढलं होतं, कारण पुढच्या शाळेला पैसे लागत आणि लग्नाला माणूस तयार होता. माझ्या लेकीच्या वेळी पैसे तयार पाहिजेत, एवढाच माझा हिशोब. मला व्याजाशी देणंघेणं नव्हतं. मला मुदत हवी होती. जितकी लांब तितकी बरी, मधे कोणाचा हात पोचता कामा नये.

परत आल्यावर भासऱ्यांनी कारंज्याच्या बँकेत खातं उघडलं. माझ्या नावाचं, पण जोडीला त्यांचंही नाव, दोघांपैकी कोणाचीही सही चालेल असं. बाईमाणूस कुठे लाइनीत उभी राहणार, असं ते मॅनेजरला म्हणाले, आणि मॅनेजरला ते पटलं. पासबुक त्यांच्या लोखंडी पेटीत गेलं. पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला नव्हती, आम्ही जानव्यातले लोक नव्हेत. ती बंडीच्या आतल्या खिशात असे आणि बंडी अंगावरून कधी उतरत नसे.

आमच्या घराण्यानं छप्पन साली दीक्षा घेतली. आजेसासऱ्यांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीत नेऊन सोडले. मोठी गोष्ट होती ती, मी ती कमी लेखत नाही. पण देव गेले तरी भासऱ्यापुढचा पदर राहिला. भासऱ्यासमोर डोकं उघडं टाकायचं नाही, त्याच्या समोर खाटेवर बसायचं नाही, आणि तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर जवळच्या लेकराला सांगायचं. लेकरू समोरच उभं, भासरेही समोरच उभे, त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलेला, तरी लेकरानं तो पुन्हा म्हटल्याशिवाय बोलणं पोचलं असं धरत नसत. लेकराचं नाव नसेल घ्यायचं तर भिंतीला सांगायचं. मी पुष्कळ वेळा भिंतीला सांगितलं आहे.

नवऱ्याचे पैसे मिळाले त्या साली मी लेकीला कडेवर घेऊन दारात उभी राहिले आणि म्हटलं, "सांग मोठ्या बाबांले, कर्ज कवा उघडते ते पाहा म्हणाव."

लेक म्हणाली, "कज्ज कवा."

भासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. शाळेत येणारा पेपर ते संध्याकाळी घरी आणत आणि मधलं पान आधी वाचत. ते लेकीला म्हणाले, "सांग तुह्या मायले, उघडलं हाय. पण औंदा घ्यायचं नाही. सरकारले पैशाची लई तंगी हाय, म्हंजे व्याज वाढवाच लागते त्याले. येत्या साली घेऊ. औंदा घेतलं तं बारा वर्षं कमी व्याजावर अडकून पडशीन."

अडकून पडणं हेच मला हवं होतं. पण हे तीन वर्षांच्या पोरीच्या तोंडून कसं सांगायचं?

दुसरं साल उजाडलं. दुष्काळ पडलेला, आळीतली निम्मी माणसं खडी फोडायला गेलेली. पावसाळा सरत आला तसं बाजारात, बँकेच्या भिंतीवर कर्जाचा कागद लागला. मी तो उभी राहून वाचला. दोन-तीन दिवसच अर्ज घेणार होते. मी पुन्हा लेकीला कडेवर घेऊन दारात गेले आणि भासऱ्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, पण या वेळी मधल्या पानावरच्या एका बातमीवर बोट ठेवून. तेव्हा मी ठरवलं की हे भिंतीचं आणि लेकराचं काम नाही, इथे पुरुषमाणूस पाहिजे. मी बाबांना निरोप धाडला.

बाबा इंझोरीला राहत. थोडी कोरडवाहू शेती, तीही हलकी. पण एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी गावभर मिरवला होता: त्यांनी जन्मात कधी कर्ज घेतलं नव्हतं. बियाणं नसलं तर तेवढं रान पडीक ठेवत, पण कोणाच्या दारात उभे राहत नसत. त्यांच्या गावात 'सरकारी कर्ज' या शब्दाचा अर्थ एकच होता. विहिरीसाठी काढलेलं, बैलासाठी काढलेलं, आणि दोन सालं पीक बुडालं की वसुलीची जीप चावडीपुढे उभी राहते ते. त्या जीपमध्ये लोकांची तांब्याची भांडी चढवलेली बाबांनी डोळ्यांनी पाहिली होती. घरात हा विषय निघाला की ते उठून बाहेर जात.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी निरोप्याला फक्त एवढंच सांगितलं, की पैशाचं काम आहे, ताबडतोब या. बाकीचं समोरासमोर सांगू म्हटलं.

ते दुपारच्या गाडीनं आले, धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला फेटा. मी पाणी दिलं. बोलायला तोंड उघडणार तोच भासरे शाळेतून आले, त्यांच्याबरोबर शाळेतलेच एक मास्तर आणि ओट्यावरचे दोन शेजारी. बाबांशी मला एकटीनं बोलता आलंच नाही. जावेनं चहा ठेवला, मी दाराच्या आत, चौकटीला धरून.

ख्यालीखुशाली झाली, पावसाचं झालं. मग बाबांनी विचारलं, "पोरीनं बोलावणं धाडलं. काय काम हाय म्हणते?"

भासऱ्यांनी चहाची बशी फुंकली आणि म्हणाले, "तुमची पोरगी सरकारी कर्ज घेते म्हणते."

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. भिंतीवरच्या कागदावर तेच छापलेलं होतं, सरकारी कर्ज. विकत घ्यायचं तेही घेणं आणि उसनं घ्यायचं तेही घेणं. मराठी भाषेनं दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला, त्याला भासरे तरी काय करणार. पण ते मास्तर होते. पोरांना वाक्यात उपयोग करा म्हणून शब्द द्यायचे. आपण उच्चारलेला शब्द समोरच्या माणसाच्या कानात कुठे जाऊन पडला आहे हे त्यांना दिसत होतं. बाबांचा चेहरा पडला ते मला दारातून दिसलं, त्यांना तर समोरून दिसलं असणार.

"काहून?" बाबा म्हणाले.

"मले काय मालूम. अकोल्याच्या बाबूनं भरवलं तिच्या डोक्शात."

बाबा दाराकडे वळले. "पोरी, आपल्यात कोनं कर्ज घेतलं हाय आजलोक? तुले खायले कमी हाय का इथं?"

माझ्या बापाशी तरी मला थेट बोलता येत होतं. मी म्हटलं, "बाबा, मी कर्ज घेऊन नाही राह्यली. सरकार घेऊन राह्यलं. आपून द्याचं."

"कोनाले द्याचं?"

"सरकारले."

ओट्यावरचा एक शेजारी फस्सकन हसला. मग दुसरा हसला. बाहेरून आलेले मास्तरही चहा सावरत हसले. बाबा आधी त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "सरकारपाशी खजिना हाय, नोटा छापाचा कारखाना हाय, अन् थे तुह्याकडून उसने घेईन? तुह्याकडून?"

पुन्हा सगळे हसले. खेड्यातल्या माणसाला शहरातल्यांचं हसू फार लवकर लागतं, आणि माझ्या बापाला वाटलं की आपल्या मुलीमुळे आपलं हसं झालं. खरं तर ते सगळे माझ्यावर हसत होते. आमच्यातली, विधवा, आणि सरकारला कर्ज देते म्हणते. ती कल्पनाच कोणाच्या डोक्यात शिरेना. भासऱ्यांच्या डोक्यात ती नीट बसलेली होती. ते हसले नाहीत. त्यांनी खाली बघून बशी संपवली. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं, की मामा, ती म्हणते ते खरं आहे, हे तसलं कर्ज नव्हे. ते वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

बाबा उभे राहिले. "सरकारी असू दे नाही तं सावकारी, कर्ज ते कर्ज. मास्तर, तुमी मोठे हा, तुमी म्हणान तसं." आणि फेटा सारखा करून निघाले.

"मी कवाचा तेच म्हणून राह्यलो," भासरे म्हणाले. "एक साल थांबा. व्याज वाढू द्या."

मी बाबांच्या मागे स्टँडपर्यंत गेले. सगळा रस्ता समजावत गेले. सरकार देणेकरी, आपण धनी. ते ऐकत होते, पण ज्या कानानं ऐकायचं तो कान घरातच बंद झाला होता. गाडीत चढताना म्हणाले, "मास्तर शिकेल मानूस हाय. त्याच्यापेक्षा तुले जास्त समजते काय?" गाडी सुटली. मला त्या दिवशी बापाचा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. त्यांनी जन्मभर कर्जाला भिऊन काढलं, आणि भ्यायची गोष्ट समोर पेटीची किल्ली खिशात घालून बसली होती ती त्यांना दिसली नाही.

शेवटच्या दिवशी मी बँकेत गेले. पासबुक नाही, काही नाही, नुसतीच गेले. दाराशी बसलेल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "कर्ज भरलं बाई." म्हणजे सरकारला हवे होते तेवढे पैसे लोकांनी दिले, आता बंद. माझ्या शेजारी एक म्हातारी कापसाच्या पैशासाठी उभी होती. तिनं 'कर्ज भरलं' एवढंच ऐकलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सुटलीस माय. बरं झालं." मी तिला काही बोलले नाही. तिच्या बोलण्यात माया होती, आणि तेव्हा माझ्याशी मायेनं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

पुढचं सगळं हळूहळू झालं, आणि सगळं सांगूनसवरून झालं. भासऱ्यांनी चोरून एक पैसा काढला नाही. बँकेत जायच्या आधी ते लेकीला समोर उभं करत आणि सांगत, "सांग तुह्या मायले, कर्ज उघडायले अजून टाइम हाय. तवलोक पैसा नुसता पडून कायले राहू द्याचा?" त्यांच्या मोठ्या मुलाला अमरावतीला कॉलेजात घातलं, ते असंच. तो शिकला की घर वर येईल आणि घर म्हणजे तुम्हीही आलात, असं. मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला, त्यात माझीही एक खोली होती, हे खोटं नाही. एका साली पोहरादेवीच्या यात्रेत कोणाच्या तरी भागीदारीत नारळ-प्रसादाचं दुकान टाकलं. यात्रा मोठी भरली, माणसाला माणूस लागत होतं, आणि तरी दुकान बुडालं. कसं बुडालं ते त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, म्हणजे लेकीला समजावून सांगितलं. ती तोवर मोठी झाली होती, तिला बरंचसं कळलं.

चोर असते तर बरं झालं असतं असं मला फार वेळा वाटलं आहे. चोराला शिव्या देता येतात, त्याच्या नावानं बोटं मोडता येतात. यांच्या नावानं काय मोडणार? प्रत्येक वेळी त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि प्रत्येक वेळी माझ्या लेकीचं थोडंसं शिक्षण कमी होत होतं. मी जिनिंगमध्ये कापूस निवडायच्या कामाला जाऊ लागले. तेव्हा जावेला वाईट वाटलं. ती म्हणाली, "घरात पैसा असून तू काहून जातं?" तिलाही खरंच वाटत होतं की पैसा आहे. पैसा आहे, वेळ आली नाही, एवढंच सगळ्या घराला माहीत होतं.

आणि मग खरंच व्याज वाढलं.

भासरे शाळेतून पेपर हातात घेऊनच आले. घामाघूम, पण चेहऱ्यावर तेज. ओट्यावर उभे राहून त्यांनी बातमी वाचली. शेजारी जमा झाले. मागच्या वेळी हसलेला तोच शेजारी म्हणाला, "मास्तरनं तीन-चार सालापासून सांगून ठेवलं होतं." आणि ते खरंच होतं, त्यांनी सांगून ठेवलं होतं. शाळेत त्यांचा भाव वधारला. रिटायर होणारे मास्तर त्यांना विचारायला घरी येऊ लागले, आत्ता घ्यावे की थांबावं? ते त्यांना समजावून सांगत, सरकारला तंगी कधी येते, पाऊस आणि व्याज यांचा संबंध काय, लांब मुदत कधी धरावी आणि आखूड कधी. मी आत चहा ठेवत ऐकत असे. फार छान सांगत. त्यातल्या एकानं बारा वर्षांचे रोखे घेतले आणि आनंदानं पेढे घेऊन आला. मी तो पेढा खाल्ला. गोड होता.

खात्यात तोवर काय उरलं होतं ते मी सांगत नाही. रोखे घ्यायला जेवढे कमीतकमी लागतात तेवढेही नव्हते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा आले. न बोलावता. उन्हाचे, घाबरे झालेले. फेटा हातातच होता. पाणी प्यायले आणि ओट्यावर भासऱ्यांच्या समोर बसले. मी चौकटीत. लेक शाळेतून येऊन माझ्याजवळ उभी होती.

"आमच्या गावात ग्रामसेवकानं सभा घेतली," बाबा म्हणाले. "सरकारी कर्ज निघून राह्यलं, पैसे द्या म्हणे. मी उठून म्हणलं, पैसे द्या कायले म्हणता, कर्ज तं सरकार देते. तं थो म्हणे, नाही मामा, हे कर्ज सरकार घेते. आपून द्याचं." ते थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी हेच सांगून राह्यली होती."

बाबा भासऱ्यांकडे वळले. "मास्तर, तुमाले तं मालूम होतं."

"मी तं तेच म्हणलो होतो, मामा," भासरे शांतपणे म्हणाले. "सरकारी कर्ज घेते म्हणते, असंच म्हणलो. आठवून पाहा."

बाबांनी आठवून पाहिलं. ते सावकाश विचार करणारे होते, त्यांना वेळ लागला. पण आठवलं त्यांना, कारण त्यांची मान हळूहळू खाली गेली. माणूस दुसऱ्याच्या खोटेपणानं फसला तर त्याला निदान भांडायला मिळतं. माझ्या बापाला तेही मिळालं नाही.

"अन् नुकसान काय झालं?" भासरे म्हणाले. "तवा घेतलं असतं तं कमी व्याजात अडकली असती. आता पाहा, किती वाढलं."

बाबांनी कमरेचा कसा सोडला. आत रुमालात बांधलेल्या नोटा होत्या. बकऱ्या विकल्या असाव्यात, मी विचारलं नाही. त्यांनी रुमाल आमच्या मधोमध, ओट्यावर ठेवला. "पोट्टीच्या नावानं घ्या. तेच, बारा सालाचं. आता घेता येते ना?"

"येते ना," भासरे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला, शाळेत अवघड गणित सुटल्यावर व्हायचा तसा. "आता घ्यायले काही हरकत नाही. आताच खरा टाइम हाय. द्या इकडं, खात्यात टाकून ठेवतो. कर्ज उघडलं का घेऊन टाकू."

आणि त्यांनी हात पुढे केला.

मी लेकीकडे पाहिलं. ती सात पुरी करून आठव्यात गेली होती. बारा मिळवले मी मनात. मुदत बाराचीच राहिली होती, तिच्यात काही फरक पडला नव्हता. व्याज वाढलं होतं, आणि माझी लेकही वाढली होती. आता हे पैसे परत येतील तेव्हा ती वीस वर्षांची असेल, आणि आमच्यात वीस वर्षांच्या पोरीला शाळेत कोण पाठवतं? तिच्या कडेवर लेकरू असेल. कदाचित तिच्याच दारात कोणी भासरा असेल.

मी चौकटीतून बाहेर आले. डोक्यावरचा पदर मागे पडला होता तो मी सारखा केला नाही. भासऱ्यांच्या हाताआधी माझा हात पोचला आणि मी रुमाल उचलून कमरेला खोचला. घरात आल्यापासून पहिल्यांदाच, मधे लेकरू न घालता, त्यांच्या तोंडाकडे बघून मी बोलले. आवाज चढवला नाही.

"काहून घाई करता भाऊजी? थांबू ना अजून. अजून वाढन व्याज."

बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना समजलं.

भासरे मात्र खरोखरच विचारात पडले. त्यांनी शेजारी पडलेला पेपर उचलला, मधलं पान उघडलं, क्षणभर वाचलं. मग माझ्याकडे न बघता, रीतीला धरून, माझ्या लेकीकडे वळले आणि म्हणाले, "सांग तुह्या मायले, वाढू बी शकते. थांबायले हरकत नाही."